डोलकाठी होऊ न शकलेलं झाड

सप्टेंबर १७७४. जेम्स कुकचं 'रिझोल्यूशन' हे जहाज पॅसिफिक महासागरात एका लांबलचक बेटाच्या किनाऱ्याने चाललं होतं. त्या बेटाला 'न्यू कॅलेडोनिया' हे नाव कुकनेच काही दिवसांपूर्वी दिलं होतं. दूर जमिनीवर उंच, बारीक, सरळसोट असं काहीतरी ओळीने उभं दिसत होतं. ते काय असावं यावरून जहाजावर वाद पेटला. जहाजावर फोर्स्टर नावाचे निसर्ग-अभ्यासक बाप-लेक होते. अभ्यासकांचं म्हणणं पडलं की हे बेसाल्टचे खांब आहेत, आयर्लंडच्या किनाऱ्यावर असतात तसे. कुकचं म्हणणं, ही झाडं आहेत. दोन्ही बाजू हटायला तयार नाहीत. शेवटी जहाज जवळ गेलं आणि कळलं की झाडंच आहेत. शास्त्रज्ञ हरले, खलाशी जिंकला. पण गंमत अशी की पुढे त्या झाडाच्या शास्त्रीय नावात 'खांबासारखा' हाच अर्थ जाऊन बसला: अरोकेरिया कॉलम्नॅरिस.

तिथून पुढे निघालेल्या कुकला १० ऑक्टोबरला एक निर्मनुष्य बेट लागलं. त्याने त्याला नॉरफोकच्या डचेसचं नाव दिलं, नॉरफोक आयलंड. तिथेही तशीच सरळ, प्रचंड झाडं होती. आधीच्या झाडांची सख्खी भावंडं वाटावीत अशी, पण जरा वेगळी. ती बघून कुकच्या डोक्यात एकच शब्द आला असणार: डोलकाठी.

आता अडीचशे वर्षं पुढे या. मी न्यू जर्सीत राहते. इथे थँक्सगिव्हिंग संपलं की सुपरमार्केटच्या दारातच वीतभर-हातभर उंचीच्या झाडांच्या कुंड्यांची रांग लागते. सोनेरी किंवा लाल चकचकीत कागदात गुंडाळलेली कुंडी, वर रिबिनीची गाठ, एक-दोन प्लॅस्टिकचे गोळे, कधीकधी फांद्यांवर चक्क चमकी फवारलेली. ऑफिसातल्या सिक्रेट सांताला, मुलांच्या टीचरला, नव्या शेजाऱ्यांना द्यायला सोपी भेट. चिठ्ठीवर बहुतेक वेळा झाडाचं नावच नसतं. नुसतं 'सदाहरित' किंवा 'हॉलिडे ट्री' असं काहीतरी लिहिलेलं. म्हणजे एखाद्याच्या घरी बाळ आणून द्यायचं आणि 'हे सस्तन आहे' एवढंच सांगून निघून जायचं, तसं.

मग जानेवारीच्या मध्यावर माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. 'हे कुठलं झाड आहे गं? याची पानं का गळतायत?' मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. मला इतिहास वाचायची खोड आहे आणि झाडांच्या नावांमागे इतिहास फार असतो, म्हणून यात पडले. फेब्रुवारीत आमच्या इमारतीच्या मागच्या कचराकुंडीपाशी अशा आठ-दहा कुंड्या तरी दिसतात. त्यांतली निम्मी झाडं मेलेलीही नसतात. ज्यांची मेलीत त्यांना वाटतं, आपला हात वाईट. हात वाईट नसतो. कुणीतरी त्यांना थंडीत राहणारं झाड हीटरशेजारी ठेवायला दिलेलं असतं, किंवा उलटं.

मुळात हे झाड घरात, टेबलावर आलं कसं, ते आधी सांगते. जर्मन मुलखात नाताळात घरात झाड आणायची चाल जुनी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदी सापडतात. इंग्लंडच्या राजघराण्यात ती नेली राणी शार्लटने. ती जर्मनीतल्या मेक्लेनबर्ग-श्ट्रेलित्सची. १८०० सालच्या नाताळात तिने विंडसरला मुलांसाठी मेजवानी दिली, तेव्हा खोलीच्या मधोमध मोठ्या कुंडीत यू नावाचं सदाहरित झाड ठेवलं होतं. त्यावर मिठाई, बदाम, मनुका, खेळणी आणि छोट्या मेणबत्त्या. म्हणजे तिकडचं हे गाजलेलं झाडसुद्धा कुंडीतलंच. पण ही राजवाड्यातली गोष्ट राजवाड्यात राहिली. तिला पाय फुटले १८४८ मध्ये. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने राणी व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि त्यांची मुलं टेबलावरच्या सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापलं आणि मध्यमवर्गाने ते उचललं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या 'गोडीज् लेडीज् बुक' या मासिकाने तेच चित्र पुन्हा छापलं, फक्त राणीचा मुकुट आणि अल्बर्टची मिशी खोडून. झालं, एक साधं अमेरिकन कुटुंब तयार! फोटोशॉपच्या आधी दीडशे वर्षं.

चित्रातलं झाड टेबलावर मावणारं होतं हे लक्षात घ्या. छतापर्यंत पोचणारं, तोडून आणलेलं झाड हा अमेरिकेत रुजलेला नंतरचा सोस. सुपरमार्केटमधली कुंडी एका अर्थाने मूळ प्रकाराच्या जास्त जवळची आहे.

तर, झाड ओळखायचं कसं? चिठ्ठी विसरा. हात लावा.

टोचलं, पानं आखूड, दाट, सुयांसारखी आणि झाडाचा आकार कुणीतरी पेन्सिल शार्पनरमधून काढल्यासारखा निमुळता, तर ते बहुधा ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस. याची जन्मकथा मला फार आवडते. १९०४ मध्ये बॉस्टनच्या आर्नल्ड आर्बोरिटमचे जॅक आणि रेडर हे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या लॅगनला (आजचं लेक लुईस) होते. सांगतात की गाडीची वाट बघत इकडेतिकडे हिंडताना त्यांना पांढऱ्या स्प्रूसची काही खुरटी, विलक्षण दाट रोपं दिसली. ती बॉस्टनला गेली. स्प्रूस एरवी चांगला उंच वाढतो. हा मात्र वर्षाला जेमतेम पाच-दहा सेंटिमीटर. बी लावून हा गुण उतरेल याची खात्री नसते, म्हणून याची रोपं छाटकलमाने करतात. आज जगभर विकली जाणारी लाखो झाडं म्हणजे त्या रेल्वे स्टेशनजवळच्या रोपांच्या फांद्यांच्या फांद्यांच्या फांद्या. कधीकधी एखाद्या झाडाला आपलं मूळ आठवतं आणि दाट पानांतून एकच लांब, रांगडी फांदी सुसाट बाहेर येते. ती लगेच बुडातून कापायची, नाहीतर ती बाकी झाडाला गिळते.

आता विचार करा, हे झाड रॉकी पर्वताच्या कुशीतलं. त्याला थंडी हवीच. त्याला बावीस अंशांच्या कोरड्या खोलीत दोन महिने ठेवलं की त्याला वाटतं वसंत आला, ते जागं होतं, आणि कोळी-किडीला तर अशी कोरडी हवा म्हणजे पर्वणी. आठवडा-दहा दिवस घरात मिरवा आणि मग बाहेर गॅलरीत, भिंतीच्या आडोशाला ठेवा. कुंडीतली माती सुकू देऊ नका. जमीन मोकळी झाली की लावून टाका. बस्स.

चुरगळल्यावर लिंबासारखा वास आला आणि रंग पोपटी-पिवळा असेल तर लेमन सायप्रस. हे कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे सायप्रसचं बागेत तयार केलेलं रूप. मूळ झाड निसर्गात फक्त दोन ठिकाणी उरलंय, पॉइंट लोबोस आणि सायप्रस पॉइंट, दोन्ही एकाच खाडीच्या आसपास, समुद्राच्या धुक्यात भिजणारी. त्यामुळे याचा स्वभाव सरळ आहे: उजेड भरपूर, हवा गार आणि पाण्यात हयगय नाही. एकदा माती कडकडीत सुकली की पानं तपकिरी होतात आणि तो भाग परत हिरवा होत नाही. पानं निळसर-करडी, मऊ, एकेकटी असतील तर इटालियन स्टोन पाइनचं बाळ. मोठेपणी हे झाड छत्रीसारखं पसरतं आणि पेस्तोत घालतात त्या चिलगोज्यासारख्या बिया यालाच लागतात. बाळपणी मात्र इतकं वेगळं दिसतं की आईने ओळखू नये. याला कडक ऊन हवं. घरात फार दिवस रमत नाही.

आणि हात लावल्यावर मऊ लागलं, फांद्या मजल्या-मजल्याने, प्रत्येक मजल्यावर चार-पाच अशा गोल फुटलेल्या असतील, तर ते कुकचं झाड. नॉरफोक आयलंड पाइन. पाइन म्हणतात, पण हा पाइन नाही. हे अरोकेरियाच्या कुळातलं. कुळाचं नाव चिलीतल्या अराउको प्रदेशावरून आलं. याच्या साधारण वीस जातींपैकी चौदा एकट्या न्यू कॅलेडोनियात आहेत. आपल्याशी याचं नातंही जुनं, फारच जुनं. कच्छच्या ज्युरासिक खडकांत याच्या नातलगांचे जीवाश्म सापडतात. एकाला तर कच्छवरूनच 'कचेन्सिस' हे नाव आहे. म्हणजे डायनोसॉरच्या काळात ही मंडळी भारतात होती, मग गेली, आणि आता प्लॅस्टिकच्या कुंडीत बसून परत आली.

पण डोलकाठीकडे वळू. त्या काळी डोलकाठ्या म्हणजे आजच्या तेलासारखी गोष्ट. ब्रिटनच्या आरमाराला उंच, सरळ लाकूड बाल्टिककडून आणि अमेरिकेतून यायचं. अमेरिका स्वतंत्र झाली आणि तो पुरवठा हातचा गेला. अशात कुकच्या वृत्तान्तात लिहिलेलं: पॅसिफिकमध्ये एक बेट आहे, तिथे डोलकाठ्यांची झाडं आहेत, वर शिडांचं कापड आणि दोर करता येतील असं अंबाडीसारखं रोपही आहे. १७८८ मध्ये सिडनीला कैद्यांची पहिली वसाहत झाली, तेव्हा दीड महिनाही लोटला नव्हता तोच लेफ्टनंट फिलिप गिडली किंगला पंधरा कैदी आणि काही मोकळी माणसं देऊन नॉरफोक आयलंडवर पाठवलं. ६ मार्चला ते उतरले. झाडं तोडायला लागले. आणि कळलं की लाकूड ठिसूळ आहे. वादळात जहाजाची डोलकाठी म्हणून टिकणार नाही. घरं बांधायला ठीक, पण ज्यासाठी आलो ते काही खरं नाही.

दोरांचं तर त्याहून विचित्र. त्या रोपाचे धागे कसे काढायचे हे कुणालाच येईना. न्यूझीलंडच्या माओरींना येतं एवढं माहीत होतं. म्हणून १७९३ मध्ये तुकी आणि हुरू या दोन माओरी पुरुषांना जहाजावर फसवून पळवून आणलं. पण माओरींमध्ये ते काम बायकांचं! या दोघांपैकी एक योद्धा, एक पुरोहिताचा मुलगा. त्यांना फारसं काही सांगताच येईना. सहाएक महिने ते किंगच्याच घरी राहिले, तुकीने आठवणीतून आपल्या देशाचा नकाशा काढून दाखवला, आणि शेवटी किंग स्वतः त्यांना घरी सोडून आला. किंगच्या वरिष्ठांनी त्याला यावरून फैलावर घेतलं. मला या सगळ्या प्रकरणात तोच एक माणूस जरा शहाणा वाटतो.

मध्ये १७९० साल येऊन गेलं होतं. 'सिरियस' हे जहाज १९ मार्चला बेटाच्या खडकांवर आपटून फुटलं. बेटावर आता पाचशेवर माणसं आणि धान्य संपत आलेलं. त्यांना वाचवलं डोंगरावर बिळांत घरटी करणाऱ्या एका समुद्रपक्ष्याने. त्या लोकांनी त्याचं नावच 'देवाच्या कृपेचा पक्षी' अशा अर्थाचं ठेवलं आणि काही महिन्यांत दीड लाखाहून जास्त पक्षी मारून खाल्ले. थोड्याच वर्षांत त्या बेटावरून तो पक्षी संपला. कृपेची परतफेड अशीही होते.

पुढे १८१४ मध्ये वसाहत मोडली, १८२५ मध्ये पुन्हा उघडली ती साम्राज्यातल्या सर्वांत क्रूर तुरुंगांपैकी एक म्हणून. तोही १८५५ मध्ये बंद झाला. दुसऱ्या वर्षी तिथे 'बाउंटी' जहाजावर बंड करणाऱ्यांचे वंशज, १९४ माणसं, पिटकर्न बेटावरून राहायला आली. आज त्या बेटाच्या झेंड्यावर मधोमध हेच झाड आहे. ज्या झाडासाठी एवढा खटाटोप झाला ते आरमाराच्या काही कामाचं निघालं नाही. त्याचा उपयोग भलत्याच ठिकाणी सापडला, दिवाणखान्यात. कमी उजेडात तग धरतं, अंगाने नेटकं, कुंडीत वाढ सावकाश. व्हिक्टोरियन काळात युरोपातल्या घरांत ते शोभेचं झाड म्हणून शिरलं आणि एका बेटाचं लाकूड जगाची भेटवस्तू झालं.

इथे आमच्या पुण्याच्या आत्याचा किस्सा सांगायला हवा. तिच्या सोसायटीच्या फाटकापाशी एक उंच 'ख्रिसमस ट्री' आहे. गेल्या वर्षी सभेत ते तोडायचा ठराव आला, कारण ते वाकलंय, पडेल. आत्याने मला फोन केला. "अगं, चांगलं पंचवीस वर्षांचं झाड आहे. तू ते झाडांचं वाचत असतेस ना, बघ ना जरा."

मी विचारलं, "आत्या, कुठल्या दिशेला वाकलंय?"

"स्विमिंग पूलकडे."

"तसं नाही. पूर्व, पश्चिम..."

थोडा वेळ शांतता. मग, "दक्षिणेकडे."

मला हेच ऐकायचं होतं. भारतातल्या नर्सऱ्यांत 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा नॉरफोकचं नसतंच. ते त्या खांबांच्या वादातलं, न्यू कॅलेडोनियाचं कुक पाइन असतं. लहानपणी दोघं जुळ्यांसारखी दिसतात. मोठेपणी नॉरफोक पसरट, पिरॅमिडसारखं होतं आणि कुक आखूड फांद्यांचं, खांबासारखं. अमेरिकेत फ्लोरिडात वाढवून नॉरफोक म्हणून विकलेल्या रोपांतही कुक पुष्कळ असतात. आणि कुक पाइनची एक अजब सवय आहे. २०१७ मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात काही संशोधकांनी पाच खंडांतल्या २५६ झाडांची मापं छापली. झाडं सरासरी ८.५५ अंशांनी कललेली निघाली, पिसाचा मनोरा आज जितका कललाय त्याच्या दुप्पट. आणि कलतात ती विषुववृत्ताकडे: उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. असं का, याचं पक्कं उत्तर त्या अभ्यासात नाही.

म्हणजे पुण्यात दक्षिणेकडे कललेलं कुक पाइन हे आजारी झाड नव्हे, आपल्या स्वभावाला धरून वागणारं झाड आहे. अर्थात पडणार नाही अशी हमी मी फोनवरून देऊ शकत नाही. मी आत्याला सांगितलं की बुंध्याशी माती फुगलीय का, मुळं उघडी पडलीत का, हे जाणत्या माणसाकडून बघून घ्या. तिने माणूस आणला, मुळं शाबूत निघाली, ठराव बारगळला. सोसायटीच्या चेअरमनकाकांना अजून वाटतं की आत्याने काहीतरी वास्तुशास्त्राचं काढलं.

आपल्याकडे नाताळच्या झाडाची जागा आधी दुसऱ्याच एकाने भरून काढली होती. गोव्यात, मुंबईत, कोकणात कित्येक घरांत सुरूची फांदी आणून बादलीत वाळू भरून उभी करायचे. लांबून सुयांसारखी दिसते, पण सुरूही पाइन नव्हे. फारसीत 'सर्व' म्हणजे सायप्रस. ते नाव मराठीत सुरू होऊन आलं आणि समुद्राकाठच्या एका वेगळ्याच झाडाला चिकटलं. नावांची ही अदलाबदल काही सुपरमार्केटने शोधून काढलेली नाही.

तर तुमच्याकडे मऊ, मजलेदार झाड आलं असेल, न्यू जर्सीत किंवा पुण्यात, तर सगळ्यात आधी तो चकचकीत कागद काढा. त्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात. कुंडीच्या तळाला भोक आहे का बघा. बरीच झाडं या कागदातच मरतात. कुंडीत एकाऐवजी तीन-चार रोपं दाटीने लावलेली दिसतील, झाड भरगच्च दिसावं म्हणून. ती पुढे एकमेकांशी भांडतात. लहान असतानाच अलगद वेगळी करता आली तर उत्तम, मात्र मुळं नाजूक असतात. उजेड भरपूर हवा, खिडकीजवळचा. आठवड्याला कुंडी थोडी फिरवत जा, नाहीतर झाड एका बाजूला झुकतं. मातीत बोट घालून बघा. वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर सुकला की पाणी, बशीत साचलेलं ओतून टाका. हीटरच्या झोतापासून लांब ठेवा. पुण्यात असाल तर मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हापासून. बर्फ पडणाऱ्या गावात याला बाहेर ठेवू नका. ते पॅसिफिकमधल्या बेटाचं आहे, रॉकीजमधलं नव्हे. स्प्रूसला जे तारतं ते याला मारतं, म्हणून तर नाव माहीत हवं.

खालच्या फांद्या तपकिरी होऊन गळायला लागल्या तर हवा कोरडी, उजेड कमी किंवा पाण्यात खंड, तिन्हींपैकी काहीतरी आहे. कारण शोधा, पण गळलेली फांदी त्या जागी परत येत नाही. शेंडा तर कधीच कापू नका. आणि बाजूची फांदी खोचून नवीन झाड करायच्या फंदात पडू नका. ती जगेल, मुळंही धरेल, पण अरोकेरियाची बाजूची फांदी जन्मभर बाजूची फांदीच राहते. आडवीच वाढत जाते, वर्षानुवर्षं, जमिनीला समांतर. उभं झाड हवं असेल तर बी पेरावं लागतं.